करडे ते केडगाव : अमेरिकी स्वातंत्र्याचे देणे

अमेरिकी स्वातंत्र्याचा कणा म्हणजे करार. आपले श्रम, आपली जमीन, आपला माल ज्याला हवा त्याला आणि ठरेल त्या अटीवर देता यावा, सरकारने मध्ये पडू नये, ही त्या देशाची स्वातंत्र्याबद्दलची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत बळकट समजूत आहे. फिलाडेल्फियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी अडीचशे वर्षे होतात. त्यानिमित्ताने भाषण, मतदान आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याची चर्चा होते. कराराच्या स्वातंत्र्याचा हिशोब मात्र क्वचितच मांडला जातो. हे देणे ज्यांनी फेडले, त्यांत घोड आणि भीमा या नद्यांच्या काठची माणसेही होती. शिरूर तालुक्यातले करडे आणि दौंड तालुक्यातले केडगाव ही दोन गावे तो हिशोब समजून घ्यायला पुरेशी आहेत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसासाठी मुंबईकडे वळल्या. पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा पट्टा काही कापसाचे आगर नव्हता. तरीही पैशाचा पूर इथवर आला. धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर रोख मजुरी मिळू लागली आणि सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, त्याच वर्षी अमेरिकेच्या राज्यघटनेतून गुलामगिरी हद्दपार झाली आणि मुंबईत कापसाचे भाव कोसळून शेअर कंपन्या व बँका बुडाल्या. पुढच्या काही वर्षांत तीस वर्षांची मुदत संपलेल्या शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन तो बराच वाढला. उत्पन्न घटले, सारा वाढला, कर्ज तसेच राहिले.

त्या युद्धाने ज्यांना मुक्त केले, त्यांची स्थिती याच सुमारास फारशी वेगळी नव्हती. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना जमीन मिळाली नाही. करार करण्याचे स्वातंत्र्य तेवढे मिळाले. जुन्या मालकाची जमीन वाट्याने करायची, बी-बियाणे आणि धान्य दुकानदाराकडून उधार घ्यायचे, त्यापोटी उभे पीक तारण द्यायचे आणि हंगामाच्या शेवटी वही उघडली की बाकी शिल्लकच निघायची. वही दुकानदाराच्या हातात, अक्षरओळखही त्याचीच. ही पद्धत अमेरिकेच्या दक्षिणेत विसाव्या शतकातही कित्येक दशके टिकली.

करड्यात वही सावकाराच्या हातात होती. रयतवारीने शेतकऱ्याला जमीन गहाण टाकण्याची आणि विकण्याची मोकळीक दिली होती. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने तो आता स्वतंत्र खातेदार होता आणि सही-अंगठ्याने केलेला करार दिवाणी कोर्टाला प्रमाण होता. व्याज साचू नये म्हणून १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. सावकारांनी दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या तरतुदीनेच चक्रवाढीला वाट करून दिली. १८७४ च्या अखेरीस करड्यात एका देशमुखाची जमीन आणि घर दिवाणी हुकूमनाम्याखाली सावकाराकडे गेले आणि घर पाडले जाऊ लागले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. शेतात राबायचे नाही, पाणी भरायचे नाही, हजामत करायची नाही. बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या आठवडी बाजारात दंगा पेटला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होते आणि आजचा दौंडचा मुलूखही भीमथडीतच मोडत असे.

या दंग्यांची सर्वांत बोलकी बाब म्हणजे लोकांनी काय जाळले. त्यांना कर्जखते आणि वह्या हव्या होत्या. सरकारच्या चौकशी आयोगानेही नोंदवले की सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तिथे बहुधा पुढे काही झाले नाही. कोर्टात रोखा जे बोलेल तेच सत्य, तोंडी हकिगतीला किंमत नाही, हे शेतकऱ्यांना नेमके कळले होते. त्यांना अडाणी ठरवणारे तेव्हाचे अधिकारी हेच विसरत होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. कराराचे स्वातंत्र्य पवित्र मानणाऱ्या त्या काळात ही मोठी माघार होती, आणि ती शिरूर-भीमथडीच्या रयतेने घ्यायला लावली. सावकारांनी त्यावरही तोड काढली. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचे वचन फक्त तोंडी ठेवायचे.

सुप्याच्या दंग्यानंतर अकरा वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, पुढे केडगावला संस्था उभारणाऱ्या पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला उतरल्या. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे होते. मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गमावलेली, संस्कृतात पारंगत आणि विशीतच विधवा झालेली ही स्त्री अमेरिकेकडे भारावलेल्या नजरेने पाहत होती, तरी डोळे उघडे ठेवून. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यपद्धती, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती आणि व्यापार यांचा त्यात पद्धतशीर परामर्श आहे. राजाविना चालणाऱ्या राज्याचे आणि स्त्रियांच्या संस्थांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. मूळ रहिवाशांवरचा अन्याय, काळ्या माणसांना मिळणारी वागणूक आणि स्त्रियांना नाकारलेले मत यांवर त्याच लेखणीने टीका केली. मराठीत अमेरिकेवर पुढे पुष्कळ लिहिले गेले, पण कौतुक आणि जमाखर्च यांचा असा तोल फार थोड्यांना साधला. शाळा-महाविद्यालयांत हे पुस्तक आज जवळपास अपरिचित आहे, ही मोठी हानी आहे.

त्या तीन वर्षांत अमेरिकेत जे घडत होते, ते त्यांच्या टीकेला पुरेपूर आधार देणारे होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांनी बोटीतून निषेध केला, कारण स्वातंत्र्य स्त्रीरूपात उभे करणाऱ्या देशात स्त्रीला मत नव्हते. ते देशभर मिळायला १९२० साल उजाडले. फेब्रुवारी १८८७ मध्ये डॉझ कायदा संमत झाला. मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडून ते एकेका कुटुंबाच्या नावावर करायचे, म्हणजे ते स्वतंत्र खातेदार होतील, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. तुकडे पाडून उरलेली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली, आणि नावावर झालेलीही पुढे विक्रीत व करापोटी गेली. १८८७ मध्ये मूळ रहिवाशांकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती. १९३४ मध्ये हे धोरण थांबले तेव्हा सुमारे ४.८ कोटी एकर उरली होती. करड्याच्या देशमुखाची कहाणी तिथे एका खंडाच्या आकाराने घडली.

रमाबाईंचे स्वतःचे कार्यही या हिशोबातून सुटले नाही. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा देण्याचे मान्य केले. अट अशी की शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. रमाबाईंच्या खासगी ख्रिस्ती प्रार्थनेला मुली बसतात यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. रमाबाईंचे म्हणणे होते की दार बंद करणे म्हणजे मुलींच्या निवडीवर बंधन. सल्लागारांचे म्हणणे होते की आश्रयाला आलेल्या अल्पवयीन मुलीची निवड खरी मोकळी नसते. दोन्ही बाजूंत तथ्य होते, आणि सल्लागारांचा मुद्दा टाकाऊ मुळीच नव्हता. हे तुटणे महाराष्ट्राला महागात पडले. तरीही शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाली, आणि स्त्रीशिक्षणाचा तो धागा हिंगण्याला पुढे गेला.

केडगावला रमाबाईंनी रेल्वे स्थानकाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेऊन विहिरी खणल्या, झाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, तेव्हा वस्ती केडगावला हलली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुक्तिसदन या संस्थेत दोन हजारांच्या आसपास स्त्रिया-मुले होती. शेती, गाई, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम आणि छापखाना अशी कामे तिथे स्त्रिया करीत. बायबलच्या रमाबाईकृत मराठी भाषांतराचे खिळे त्यांनीच जुळवले. अन्न आणि हुन्नर हाती नसेल तर विधवेचे स्वातंत्र्य पुन्हा कोणाच्या तरी दारात नेऊन सोडते, हे रमाबाईंनी पुण्यातल्या कोणत्याही सुधारकापेक्षा स्पष्ट ओळखले होते. बॉस्टनचा करार १८९८ मध्ये संपला आणि त्यासोबत धर्मनिरपेक्षतेची अटही गळाली. संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. दुष्काळातून वाचलेल्या मुलीला पोट आणि कौशल्य मिळाले. धर्म मात्र बहुतेकींना तिथलाच घ्यावा लागला. हेही त्या जमाखर्चात धरावे लागते.

हा हिशोब अजून चालूच आहे. आजच्या अमेरिकेत नोकरी सोडण्याचे आणि नोकरीवरून काढण्याचे स्वातंत्र्य बहुतेक राज्यांत दोन्ही बाजूंना आहे. पण कोट्यवधी कुटुंबांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असल्याने कामगाराला ते वापरणे परवडत नाही. पुण्यातून गेलेल्या एच-वन-बी व्हिसाधारकाची नोकरी सुटली की नवी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात न जमल्यास घर, गाडी आणि मुलांची शाळा सोडून परतीची तयारी करावी लागते. डॉझ कायद्याने तुकडे झालेल्या जमिनीतले हिस्से विकत घेऊन ते मूळ रहिवाशांच्या जमातींना परत करण्यासाठी एका खटल्यातील तडजोडीनुसार अमेरिकी सरकारने १.९ अब्ज डॉलरचा निधी ठेवला. ते काम २०२२ पर्यंत चालले. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकाला खरेदीखताच्या मागे जाऊन पाहण्याचा अधिकार दिला आहे. व्यवहार प्रत्यक्षात अवैध सावकारीतला निघाला, तर शेतकऱ्याची जमीन परत करण्याचा आदेश तो देऊ शकतो.