अपग्रेडनंतर मराठी मजकूर प्रश्नचिन्हांत दिसू लागला तर

स्मरणिकेचे लेख, वर्गणीदारांची यादी, बसवलेल्या नाटकांच्या संहिता असा मंडळाचा ऐवज ज्या सभासदांनी लिनक्स संगणकावर साध्या टेक्स्ट फाइलींत जपला आहे, त्यांच्यासाठी ही माहिती. सिस्टीम अपग्रेड झाली आणि फाइल उघडताच अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसली, तर पहिली गोष्ट म्हणजे ती फाइल सेव्ह करू नका. मजकूर बहुधा जागच्या जागी असतो, फक्त तो वाचून दाखवणाऱ्याची समजूत बदललेली असते. काही एडिटर मात्र न कळलेल्या अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहून ठेवतात, आणि मग मूळ परत येत नाही. विम किंवा व्हीआय उघडले असेल तर एस्केप दाबून कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टाका, म्हणजे काही न लिहिता बाहेर पडाल. मग फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

असे का होते? युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. हे तीन-तीनचे गट जोडून वाचायचे, हे संगणकाला ‘लोकेल’ नावाची सेटिंग सांगते. अपग्रेडमध्ये ती मूळ ‘सी’ अवस्थेत गेली, तर प्रत्येक बाइट सुटा वाचला जातो. फाइलचे नावच मराठीत असेल तर यादीत ३४०, २४४ असे आकडे दिसतात, तेही याच कारणाने.

टर्मिनलमध्ये ‘लोकेल’ ही आज्ञा द्या (इथे आज्ञा उच्चाराने लिहिल्या आहेत, टंकताना छोटी इंग्रजी अक्षरे वापरावीत). उत्तरात यूटीएफ-८ कुठेच नसेल, तर दोष सापडला. डेबियन आणि उबुंटूवर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ ही आज्ञा भाषांची यादी उघडते. डीपीकेजी आणि रीकॉन्फिगर यांच्यामध्ये आडवी रेघ हवी. मराठी-भारत किंवा इंग्रजी-भारत, दोन्हींत देवनागरी सारखीच दिसते. माझे मत इंग्रजीला, कारण चुकीचा संदेश इंग्रजीत असला की त्यावरचा उपाय शोधणे सोपे जाते. निवड केल्यावर लॉग आउट करून पुन्हा आत या. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या निव्वळ काळ्या कन्सोलवर मात्र देवनागरीची अपेक्षा धरू नका. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी. त्यांत मुळात देवनागरी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. त्या लोकेलने सुधारणार नाहीत, त्यांना युनिकोडमध्ये रूपांतरच हवे.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे व्हीआयमध्ये लिहिताना बाणाची कळ दाबली की ए, बी, सी, डी उमटतात. बाणाची कळ एकच संकेत पाठवत नाही. एस्केप, मग कंस, मग अक्षर अशी साखळी जाते. डेबियन घराण्यातल्या सिस्टीमवर अनेकदा व्हीआयची ‘टायनी’ ही छोटी आवृत्तीच असते आणि ती जुन्या व्हीआयसारखी वागते, त्यामुळे ही साखळी तिला एक कळ वाटत नाही. पूर्ण विम बसवले की त्रास थांबतो. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय लिहिले, तेव्हा त्यांच्या टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते. त्या कळा आजही चालतात, म्हणून तोवर एस्केप दाबून त्यांनी फिरता येईल.

बॅकस्पेस दाबल्यावर टोपी आणि एच उमटत असेल, तर ‘एसटीटीवाय इरेझ’ लिहून पुढे तीच दोन चिन्हे टाका आणि एंटर दाबा. सगळा पडदाच विचित्र खुणांनी भरला असेल, तर टंकलेले दिसत नसले तरी ‘रीसेट’ लिहून एंटर दाबा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.