केबल बदलू का? सोडायची किंमत आणि न सोडायची किंमत

‘आमच्या गल्लीत नवीन फायबरवाला आलाय. टीव्ही, नेट, सगळं एकाच बिलात देतो म्हणतो. घेऊ का?’

अर्थशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माणसाला लोक शेअर बाजाराबद्दल विचारत असतील असं तुम्हाला वाटेल. जरीपटक्यात मला मात्र सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न विचारला जातो. आणि तो माझ्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. ग्राहक एका कंपनीकडून दुसरीकडे कधी जातो, कधी जात नाही, आणि गेल्यावर त्याचं खरंच भलं होतं का, यावर गेली चाळीसेक वर्षं संशोधन चालू आहे. आज ते आपल्या घरच्या बिलाला लावून बघू.

हिशोबासाठी एक काल्पनिक घर घेऊ. नारा रोडच्या बाजूची एखादी गल्ली. घरात आजी, नोकरी करणारे नवरा-बायको आणि बारावीतली मुलगी. केबलचे महिन्याला ३५० रुपये, नेटचे ६०० रुपये, दोन्ही टॅक्ससकट. केबलवाले भाऊ ओळखीचे. फोन केला की संध्याकाळपर्यंत मुलगा पाठवतात. पण नेट आठवड्यातून एक-दोनदा नेमकं रात्री आठला बसतं, म्हणजे मुलीच्या ऑनलाइन क्लासच्या वेळेला. नवीन कंपनी म्हणते, टीव्ही आणि नेट मिळून ७९९. आता?

बदलायला पैसे लागतात, आणि ते कंपनीला माहीत असतं

१९८७ साली पॉल क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट गणितात मांडली. एक विक्रेता सोडून दुसऱ्याकडे जायला ग्राहकाला काहीतरी मोजावं लागतं: पैसे, वेळ, नवीन शिकण्याची कटकट. हा ‘बदलखर्च’ असला की कंपन्यांचं वागणं ठरलेलं असतं. ग्राहक नवा असताना त्याला स्वस्तात ओढायचं, आणि तो अडकला की हळूहळू वसूल करायचं. पहिले सहा महिने सवलत, सातव्या महिन्यापासून ‘रेग्युलर प्लॅन’ हे तुम्ही पाहिलंच असेल. यात कुणी फसवतंय असं नाही. ज्या बाजारात सोडून जाणं महाग असतं, तिथं हेच घडतं.

टीव्हीच्या बाबतीत हा बदलखर्च तुमच्या टीव्हीखाली ठेवलेला असतो: सेट-टॉप बॉक्स. नागपूर डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत होतं. त्यासाठीची मुदत होती ३१ मार्च २०१३. तेव्हापासून घरोघरी बॉक्स आले. एका नेटवर्कचा बॉक्स दुसऱ्याकडे सहसा चालत नाही. तो चालावा अशी शिफारस ट्रायनं २०२० साली केली होती, पण तुमचा-माझा बॉक्स अजून एकाच मालकाचं ऐकतो.

याउलट मोबाइल बघा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. अशा सोयीचा फायदा फक्त बदलणाऱ्यांना होतो असं नाही. अमेरिकेत टोल-फ्री नंबर सोबत नेण्याची मुभा १९९३ मध्ये मिळाली. त्याचा अभ्यास ब्रायन व्हायर्ड यांनी २००७ साली छापला. त्यांना दिसलं की मुभा मिळाल्यावर दर उतरले. गिऱ्हाईक जाऊ शकतं एवढं कळलं तरी कंपनीची भाषा मऊ होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

जे आहे ते चालू द्या

पण खर्च नसतानाही आपण हलत नाही. १९८८ साली सॅम्युएलसन आणि झेकहाउझर यांनी लोकांना गुंतवणुकीचे तेच तेच पर्याय वेगवेगळ्या तऱ्हेनं दाखवले. एखादा पर्याय ‘तुमचे पैसे सध्या इथंच आहेत’ असं सांगून दाखवला, की तो निवडणारे वाढायचे. पर्याय बदलला नव्हता, फक्त तो ‘आधीपासूनचा’ झाला होता. बेंजामिन हँडल यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा तपासला. तिथं या जडपणाची सरासरी किंमत वर्षाला सुमारे २,००० डॉलर निघाली. म्हणजे एवढं नुकसान सोसून माणसं जुन्याच योजनेत बसून राहिली.

लांब कशाला जायचं, आपला २०१९ चा फेब्रुवारी आठवा. ट्रायच्या नव्या नियमांमुळे प्रत्येक घरानं आपापले चॅनल निवडायचे होते. पहिल्या १०० चॅनलसाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे हवे ते पे चॅनल. घराघरात भांडणं झाली, सासूची मालिका का सुनेची, क्रिकेट का कार्टून. आणि तरी देशभरात इतक्या लोकांनी काहीच निवडलं नाही, की मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवावी लागली. न निवडणाऱ्यांना ‘बेस्ट फिट’ नावाच्या तयार योजनेत टाकायला ट्रायनं सांगितलं. कित्येक घरांत आजही तेव्हाचं ते पॅकेज थोड्याफार फरकानं चालू असेल. न निवडणं हीसुद्धा एक निवडच असते, फक्त ती दुसरा कुणीतरी करतो.

मग काय, बदलूनच टाकायचं?

थांबा. बदलणारे शहाणे असतात असंही नाही. ख्रिस विल्सन आणि कॅथरीन वॉडम्स प्राइस यांनी ब्रिटनमधल्या वीजग्राहकांचा अभ्यास २०१० मध्ये छापला. फक्त पैसे वाचवायला म्हणून ज्यांनी कंपनी बदलली, त्यांच्यातले किमान १७ टक्के लोक आधीपेक्षा महाग कंपनीकडे गेले! आणि सगळ्यांनी मिळून जेवढं वाचवता आलं असतं, त्यातलं पाव ते अर्धंच वाचवलं. बदलखर्च हे याचं कारण होऊ शकत नाही, कारण ही माणसं तर बदलून मोकळी झाली होती. त्यांची तुलनाच चुकली.

दुसरी चूक आपण स्वतःबद्दलच्या अंदाजात करतो. डेलाविन्या आणि मालमेंडियर यांनी २००६ साली जिमचे मासिक सदस्य तपासले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारी माणसं सरासरी चारच्या आसपास वेळा जायची. एका खेपेला १७ डॉलर पडले; तिकीट काढून गेले असते तर १० लागले असते. कॉम्बो प्लॅनमधले दहा-बारा ओटीटी ॲप म्हणजे तीच जिम. घेताना ‘सगळं बघू’ वाटतं, बघतो आपण दोन.

आता आपला हिशोब

आपल्या घराचा आजचा खर्च ३५० अधिक ६००, म्हणजे ९५० रुपये महिना. वर्षाचे ११,४००.

नवीन प्लॅन ७९९. जाहिरातीत १५१ रुपयांची बचत दिसते. पण ७९९ वर १८ टक्के जीएसटी १४३ रुपये ८२ पैसे, म्हणजे ९४२ रुपये ८२ पैसे. खरी बचत महिन्याला सात रुपये! वर्षाचे होतात ११,३१४. इन्स्टॉलेशनचे समजा ५०० धरले, तर ११,८१४. पहिल्या वर्षी नवीन कंपनी ४१४ रुपयांनी महाग पडली. शिवाय आजीचा टीव्ही जुना असेल तर ॲप चालवायला वेगळा बॉक्स लागेल, तो अजून धरलेला नाही.

आकडे माझे, समजुतीपुरते. तुमच्या घरचे वेगळे असतील, पण रीत हीच: टॅक्ससकट, बारा महिन्यांचं, एकदाच भरायचे पैसे मिळवून. केबलच्या बाबतीत तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण जुलै २०२४ पासून नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा ट्रायनं काढून टाकली. आता ‘सरकारी रेट’ असं काही नाही. एकूण बिलच बघायचं.

पण प्रश्न पैशांचा होता का?

या घराची खरी अडचण ९५० रुपये नाही, रात्री आठला बसणारं नेट आहे. बारावीच्या वर्षात महिन्याला सहा क्लास बुडत असतील, तर सात रुपयांची तुलना करण्यात काय अर्थ आहे? म्हणून दुसरा हिशोब बंद पडण्याचा, आणि त्यासाठी थोडं तंत्र समजून घ्यावं लागेल.

‘१०० एमबीपीएस’ मधला बी म्हणजे बिट. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसला सेकंदाला साडेबारा एमबीच उतरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एचडी व्हिडिओला साधारण पाचेक एमबीपीएस पुरतात. घरातले चौघं एकाच वेळी बघायला बसले तरी २० झाले. त्यामुळे ५० ऐवजी २०० चा प्लॅन घेऊन रात्री आठची अडचण बहुतेक सुटणार नाही. आधी राउटरला तार लावून वेग बघा. तारेवर चांगला आणि आतल्या खोलीत वाईट असेल, तर दोष भिंतींचा आहे, कंपनीचा नाही. तारेवरही आठलाच पडत असेल, तर एकाच लाइनवर गर्दी जास्त झालीय. ते फक्त कंपनीच सुधारू शकते.

दुसरी गोष्ट, लाइट. बऱ्याच गल्ल्यांत नेट इमारतीतल्या किंवा खांबावरच्या स्विचमधून येतं, आणि त्याला वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असून उपयोग नाही. गल्लीची लाइट गेली की नेट गेलं. थेट घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्ये वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे घरचा राउटर इन्व्हर्टरवर असला की नेट सहसा चालू राहतं. मे महिन्यात घरोघरी कूलर लागतात तेव्हा हा फरक कळतो. मात्र सिमेंट रस्त्यासाठी गल्ली खोदली तर तार कुठलीही असो, तुटतेच. आणि टीव्हीसाठी डिश घ्यायचा विचार असेल तर जोराच्या पावसात चित्र जातं, कारण त्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. कंपनी कुठलीही घ्या, आभाळ तेच.

एका बिलातले दोन निर्णय

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ‘टीव्ही आणि नेट बदलू का?’ हा एक प्रश्न नाहीच, दोन आहेत. कंपनीनं ते एका बिलात बांधले म्हणून आपल्याला एक वाटतात. बांधणीचा परिणाम असा, की उद्या नेट आवडलं नाही तरी ‘टीव्हीपण जाईल ना’ म्हणून आपण गप्प बसतो. एकच बिल सोयीचं असतं, पण बदलखर्चही तिथंच वाढतो.

आपल्या घराचं उत्तर वेगळं काढून बघा. आजीचा टीव्ही नीट चालू आहे. रिमोटची बटणं तिला पाठ आहेत, आणि बिघडला तर येणारा माणूस ओळखीचा आहे. ही ओळख बिलात दिसत नाही, पण तिलाही किंमत आहे. टीव्ही राहू द्या. नेटचं मात्र आठला काही खरं नाही. तेवढंच बदला.

तेही पायरीपायरीनं. आधी सध्याच्या माणसालाच सांगा: ‘भाऊ, आठला नेट चालत नाही, पंधरा दिवसांत सुधारलं नाही तर दुसरं बघतो.’ टोल-फ्री नंबरवाला मुद्दा इथं कामी येतो. तक्रार लेखी करा, नंबर घ्या. कंपनीच्या तक्रार केंद्रात काम झालं नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. ट्राय नियम करतं, एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथं पत्र लिहून वाट बघू नका.

तरी सुधारलं नाही, तर नवीन नेट घ्या, पण जुनं लगेच तोडू नका. मोबाइलसारखा इथं नंबर न्यायचा नसतो, त्यामुळे एक महिना दोन्ही लाइन आरामात ठेवता येतात. ६०० रुपये जास्त जातील. बारावीच्या वर्षात तो विमाच समजा. वर्षभराचे पैसे आगाऊ भरून मिळणारी सवलत पहिल्या महिन्यात तरी नको. आणि सही करण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: ‘तीन महिन्यांनी मला हे बंद करायचं झालं तर काय करावं लागेल, आणि किती पैसे परत मिळतील?’

त्याचं उत्तर लेखी, आकड्यात मिळालं तर प्लॅनचा विचार करा. ‘अहो, तुम्हाला बंद करायची वेळच येणार नाही’ असं उत्तर मिळालं, तर क्लेम्परर यांनी १९८७ साली जे लिहिलं ते आठवा, आणि राउटरचा डबा उघडू देऊ नका.