नगरचा किल्ला आणि ‘बंगाल’ची तोफ

आम्हा नगरकरांना १९४२ म्हटलं की भुईकोट किल्ला आठवतो. नेहरू, मौलाना आझाद तिथं कैदेत होते. मला मात्र त्याच वर्षीची ११ नोव्हेंबरही आठवते. ‘बंगाल’ ही आपल्या नौदलाची जेमतेम सातशे टनांची नौका हिंदी महासागरातून ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होती. समोर दोन जपानी जहाजं आली, प्रत्येकी दहा हजार टनांची! ‘बंगाल’वर मोठी तोफ एकच, तीन इंची. तरी कप्तान विल्सन यांनी नौका सरळ शत्रूवर घातली. ‘होकोकू मारू’ पेटून बुडाली. गोळा ‘बंगाल’चा की ‘ओंडिना’चा, हा वाद वेगळा. ज्या सरकारनं आपले नेते डांबले, त्याच्याच झेंड्याखाली ही भारतीय पोरं लढली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. फेब्रुवारी १९४६मध्ये त्याच नौदलाच्या खलाशांनी मुंबईत तो झेंडा उतरवला.