शिकाऱ्याची पहिली बंदूक

नागपुरातल्या काही जुन्या वाड्यांच्या ओसरीवर आणि सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या दर्शनी भिंतीवर सांबराची शिंगे अजून दिसतात. ती कुठे मिळाली, कोणी मिळवली याच्या कथाही घरात ऐकायला मिळतात. ज्या बंदुकीने ते सांबर पडले, तिच्याबद्दल मात्र घरातल्या तिसऱ्या पिढीला काही ठाऊक नसते. आज जरीपटक्यात वाढलेल्या मुलाला हरीण माहीत असते ते पेंचच्या सफारीतले. पण ‘हरणासाठी पहिली रायफल कोणती घ्यावी’ हा प्रश्न एके काळी या शहरात मालगुजार, वकील, जंगलखात्यातला नवा अधिकारी असे बरेच जण गंभीरपणे विचारत. त्याच्या उत्तरात पदार्थविज्ञान होते, कायदा होता आणि जनावराच्या वेदनेचा हिशेबही होता.

आधी हरीण म्हणजे काय ते पाहू. बोलण्यात आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. चितळ, सांबर, भेकर आणि बारशिंगा ही सारंग कुळातली. त्यांची भरीव शिंगे गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही, म्हणजे नीलगाय, ही कुरंग गटातली. त्यांची पोकळ शिंगे जन्मभर राहतात. शिकाऱ्याला हा भेद शिंगांपुरता नव्हता. भेकर वीसेक किलोचे, चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा, तर मोठा सांबर अडीचशे किलोच्या घरातला. काळवीट उघड्या माळावर दोनशे पावलांवर उभा राहतो, भेकर बांबूच्या बेटातून तीस पावलांवर क्षणभर दिसते. म्हणजे एकच बंदूक सगळ्यांना पुरणार नाही. नवशिक्याला तर एकच परवडे.

या प्रश्नावर सर्वांत जास्त डोके चालवलेला माणूस म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथ. मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि पुढच्याच वर्षी फोर्सिथ पचमढीच्या पठारावर पोहोचला. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, निघाला. तो अनेकांना माहीत असतो. त्याआधी त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, ते फारसे कोणी उघडत नाही. त्याचे म्हणणे असे की आपल्या जंगलात जनावर जवळून दिसते, तेव्हा लांब पल्ल्याची लष्करी रायफल इथे निरुपयोगी. मोठ्या तोंडाची नळी, गोल शिशाची जड गोळी, भरपूर दारू आणि नळीतल्या आट्यांचा पीळ अगदी सावकाश. पीळ कडक असेल तर जोराने सुटलेली मऊ गोळी आट्या सोडून सरळ निसटते आणि नेम बिघडतो. वाचताना हा माणूस थोडा हट्टी वाटतो, पण त्याचे गणित चोख होते.

ते गणित आजही तसेच आहे. नळीतून सुटताक्षणी गोळी खाली पडू लागते. सेकंदाला सरासरी ६०० मीटर वेगाने जाणारी गोळी शंभर मीटर गाठायला सेकंदाचा सहावा भाग घेते, तेवढ्यात ती १३–१४ सेंटिमीटर खाली येते. दोनशे मीटरपर्यंत वेग मंदावलेला असतो. तिथे ही घट साठ सेंटिमीटरच्या पुढे जाते. सरासरी ८०० मीटर वेगाची गोळी दोनशे मीटरवर तीसेकच सेंटिमीटर उतरते. चितळाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसे मिळून जेमतेम वीतभर जागा. माशी शंभर मीटरला जुळवलेली असेल आणि नवशिक्याने अंतराचा अंदाज चुकवला, तर संथ गोळी पायात किंवा पोटात बसते. पोटात गोळी लागलेले चितळ लगेच पडत नाही. ते रात्रभर कुठेतरी झुडपात कण्हत पडते आणि रानकुत्र्यांना सापडते. म्हणून वेगवान, सपाट जाणारी गोळी नवशिक्याला बरी, हे विसाव्या शतकात सर्वमान्य झाले.

पण वेगाबरोबर धक्का येतो. वाघासाठी घेतलेली जड दुनळी रायफल खांद्याला असा दणका देते की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच माणूस डोळे मिटतो. ही सवय एकदा लागली की लवकर सुटत नाही. म्हणून हरणासाठी मध्यम बोअर, फार हलकी नाही आणि फार जडही नाही अशी रायफल, हा शहाणपणाचा सल्ला. ०.२७५ रिग्बी, म्हणजे मूळची सात मिलिमीटर माउझर, या कामाला उत्तम मानली जाई. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये भेट मिळाली ती हीच. शिवाय गोळी मऊ टोकाची हवी. पूर्ण धातूचे कवच असलेली लष्करी गोळी हरणाच्या अंगातून आरपार जाते आणि जखमी जनावर दूर निघून जाते.

०.३०३ सर्वांत सहज का मिळत नव्हती, हे कोडे वाटेल. ती तर फौजेची रायफल. उत्तर त्यातच आहे. फौजेचे काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात ०.३०३ आणि ०.४५० या बोअरच्या खासगी रायफलींवर बंदी घातली. त्यामुळे इंग्लंडातल्या बंदूककारांनी ०.४७० आणि ०.४६५ सारखे नवे बोअर काढले. जगभर नावाजलेल्या काही शिकारी काडतुसांचा जन्म असा इथल्या राज्यकर्त्यांच्या भीतीतून झाला आहे.

कायद्याची बाजू त्याहून कडू. १८७८ च्या शस्त्र कायद्याने देशी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती, युरोपियनांना मात्र सूट होती. नागपुरात या कायद्याविरुद्ध १९२७ मध्ये मंचेरशा आवारी यांनी उघड शस्त्रे हाती घेऊन सत्याग्रह केला. ‘जनरल आवारी’ हे नाव त्यांना त्यातूनच चिकटले. शिकारीच्या हौसेशी त्या चळवळीचा संबंध नव्हता. पण बंदूक कोणाच्या खांद्यावर असावी हा प्रश्न या शहरात किती तापला होता, ते त्यावरून कळते.

खेड्यातल्या माणसाची पहिली बंदूक अर्थात रिग्बी नव्हती. ती ठासणीची, नाहीतर बारा बोअरची दुनळी. गुळगुळीत नळीची ही बंदूक मोठ्या छऱ्यांनी तीस-चाळीस पावलांपर्यंत हरीण पाडते, त्यापुढे नुसते जखमी करते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही तिलाच झुकते माप दिले. वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी, असे स्पष्ट लिहून ठेवले. रायफलीसाठी मात्र अर्जदाराकडे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. परदेशी मालाची आयात आटल्यावर नव्या परवानाधारकाला उरली ती इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ०.३१५. तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या फौजेचे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे. गोळी जड आणि संथ. वर दिलेला ६०० मीटरचा हिशेब तिच्याच जातीच्या गोळीचा समजावा. जवळच्या जंगलात ती भरवशाची, काळविटाच्या माळावर नाही.

तोवर हरणेच सरत आली होती. १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होते, त्याच राज्यातल्या कान्हात बारशिंगे १९७० साली अवघे ६६ उरले होते. जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले, परवान्यावर किती नर मारायचे ते लिहिलेले, पण रात्री जीपच्या दिव्यात जे मारले गेले त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. माझ्या मते नाश मुख्यतः परवान्याच्या शिकाऱ्याने केला नाही. तो जीप, बॅटरी आणि उजाड होत गेलेल्या कुरणांनी केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आधी मोठ्या आणि लहान शिकारीचे परवाने होतेच. ती कलमे १९९१ च्या दुरुस्तीने गेली, आणि हरणाच्या शिकारीचा कायदेशीर मार्ग संपला.

तेव्हा आजच्या नवशिक्याला पहिली रायफल घ्यायची तर ती निशाणाची. ४.५ मिलिमीटरची, वीस ज्यूलपर्यंत शक्तीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दहा मीटरवर कागदाला नेम धरताना श्वास रोखणे, चाप हळू दाबणे, सगळे तेच शिकावे लागते. शेतात रोही आणि रानडुकरे उतरतात ती तक्रार खरी आहे, आणि विदर्भात ती वाढते आहे. त्यासाठी कलम ११ खाली वनखात्याचा लेखी, कारणांसह आदेश लागतो. घरात परवान्याची बंदूक आहे एवढ्याने शेतकऱ्याला गोळी झाडता येत नाही, आणि मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते.

राहिली भिंतीवरची शिंगे. जुन्या शिंगांची आणि कातड्यांची माहिती सरकारला कळवण्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती. ज्या घरांनी तेव्हा अर्ज केला त्यांच्याकडे कागद आहे. बंदुकीचेही तसेच: परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. वारसाने ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. कपाटात गुंडाळून ठेवलेली रिग्बी कितीही देखणी असली, तरी तोवर ती विनापरवाना शस्त्रच असते.