दुखरा खुबा आणि उभ्याचें काम

पावसाळा लागून पऱ्हे वीतभर झाले, म्हणजे रामटेकच्या परिसरांत रोवणीची एकच घाई सुरू होते. खिंडसी तलावाच्या व पेंच कालव्याच्या पाण्यावरील बांध्यांत अशा वेळीं स्त्रिया वाकून रोप लावीत असतात, गडी पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहत असतात, आणि मालक धुऱ्यावर दिवसभर उभा राहून देखरेख करीत असतो. ह्या घाईंत ज्याच्या खुब्यांत कळ निघते, तो मनाशीं म्हणतो, "एवढी रोवणी उरकूं दे, मग दवाखान्याचें पाहूं." परंतु रोवणीमागून निंदण येतें, निंदणामागून कापणी, कापणीमागून मळणी; आणि दवाखान्याचा दिवस कांहीं उगवत नाहीं. ह्या दिरंगाईनें काय हानि होते व काम न सोडतां ती कशी टाळतां येईल, ह्याचा येथें विचार करूं.

खुब्याचें दुखणें हें म्हातारपणाचें अथवा नशिबाचें लक्षण आहे, असा समज आहे. तो पुरता खरा नाहीं. ह्या दुखण्याचा शेतकामाशीं निकट संबंध आहे. ब्रिटनमध्यें ज्यानें दहा किंवा अधिक वर्षें शेतांत काम केलें, त्याच्या खुब्याचा संधिवात हा सन २००५ पासून धंद्यामुळें होणारा रोग म्हणून सरकारी यादींत धरला जातो. वर्षानुवर्षें ओझीं उचलणें हें त्याचें एक संभाव्य कारण मानतात. ज्यांना तेथें यंत्रांची जोड आहे, त्यांची ही गोष्ट. मग चिखलांतून पाय उपसणाऱ्या आपल्या माणसांनीं किती जपावें, हें सांगावयास नको.

प्रथम दुखणें खुब्याचेंच आहे कीं कमरेचें, हें पाहावें. खुब्याच्या सांध्याची कळ बहुधा जांघेंत येते व मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरते. मांडी घालून बसणें, उकिडवें बसणें, जोडा घालणें अवघड होतें. केवळ ढुंगणांत व पाठीच्या खालच्या भागांत दुखत असेल, तर दोष पुष्कळदां कण्याचा असतो. नक्की निदान डॉक्टरच करील.

आतां उभें राहिल्यानें सांध्यावर भार कसा पडतो, तें समजून घेऊं. तराजूची एक दांडी आंखूड व दुसरी लांब असली, तर आंखूड बाजूस अधिक वजन घालावें लागतें. आपण एका पायावर उभे राहतों, तेव्हां असेंच घडतें. शरीराचें वजन सांध्यापासून दूर आंतल्या बाजूस असतें, आणि तें तोलून धरणारे स्नायू बाहेरच्या बाजूस अगदीं जवळ असतात. म्हणून त्यांना फार जोरानें ओढावें लागतें. वजन आणि ही ओढ दोन्ही सांध्यावरच येतात. परिणामीं एका पायावरील भार शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीच ते तीन पट होतो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर हा भार दीड क्विंटलाहून अधिक झाला! चालतांना प्रत्येक पावलास हें घडतें. डोक्यावरचें ओझें अथवा पाठीवरचा फवारणीचा पंपही असाच वाढून सांध्यावर येतो. म्हणून खुबा दुखणाऱ्यानें फवारणी दुसऱ्याकडे सोंपवावी. तें शक्य नसेल तर पंप अर्धाच भरावा.

ह्याच गणितावरून काठीचा नियम निघतो. आणि नेमका येथेंच बहुतेकांचा गोंधळ होतो. काठी दुखऱ्या बाजूच्या हातांत नव्हे, तर विरुद्ध हातांत धरावी. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातांत घ्यावी, व उजवें पाऊल टाकतांना तीही टेकावी. तिचा टेका सांध्यापासून लांब असल्यामुळें थोड्या जोरानेंही पुष्कळ भार हलका होतो. हातांतली पिशवी मात्र दुखऱ्याच बाजूस धरावी. ती तराजूच्या बाहेरच्या पारड्यांत पडते. पायऱ्या चढतांना चांगला पाय आधीं वर टाकावा, उतरतांना दुखरा पाय व काठी आधीं खालीं टाकावी. त्रिपुरी पौर्णिमेस गडावर जाणाऱ्यांनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें.

उभें राहण्याचें काम टळत नसेल, तर तें मोडून मोडून करावें. धुऱ्यावर उंच तिवई ठेवून तीवर अर्धवट टेकावें. तीस खोलगट बैठक नको, खुबा गुडघ्याहून उंच राहील अशी ती असावी. एक पाय विटेवर ठेवून थोड्या थोड्या वेळानें पाय बदलावा. अर्ध्या तासाहून अधिक एकाच जागीं उभें राहूं नये. चार पावलें सपाट, कोरड्या जमिनीवर चालावें. चिखलांतील काम दुसऱ्यास देऊन आपण पऱ्हे मोजणें, मजुरीचा हिशेब ठेवणें अशीं बैठीं कामें घ्यावीं. सोय असेल तेथें रोवणीयंत्राचा अथवा पेरीव धानाचा विचार करावा. मात्र भीतीनें अंथरूणही धरूं नये; स्नायू दुबळे झाले कीं सांध्याचा आधारच जातो. सोसेल तितकें चालणें, कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलणें, आणि स्थूलता असल्यास वजन घटविणें हे उपाय हितकर आहेत.

तरुणांविषयीं मात्र वेगळी सूचना दिलीच पाहिजे. विदर्भांतील अनेक कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आहे. त्यांत रक्तपेशी विळ्यासारख्या वांकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. मांडीच्या हाडाच्या गोल टोंकास रक्त न मिळाल्यास तें टोंक मरतें व पुढें खचतें. पंचविशींतला मुलगा लंगडूं लागला, तर त्यास कामचुकार म्हणण्यापूर्वी त्याचें रक्त तपासून घ्यावें. दीर्घकाळ घेतलेलीं स्टिरॉइडें आणि मोहाची अथवा कोणतीही दारू हींही ह्याच विकाराचीं मोठीं कारणें होत. बाजारांत "सांधेदुखीचें अक्सीर चूर्ण" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांत कधीं कधीं स्टिरॉइडच मिसळलेलें असतें. दुखणें दोन दिवसांत थांबतें, आणि हाड मात्र आंतून खचत राहतें. आरंभीं साध्या क्ष-किरण चित्रांत हा दोष दिसत नाहीं, एम. आर. आय. तपासणींत दिसतो, व त्या वेळीं कांहीं रोग्यांचा सांधा वांचवितां येतो. म्हणूनच एका हंगामाचा उशीरही महाग पडतो.

पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, किंवा खुब्याच्या दुखण्यासोबत ताप असेल, तर त्याच दिवशीं रुग्णालय गाठावें. सांधा पुरता झिजला तरी निराश होण्याचें कारण नाहीं. सन १९६२ मध्यें इंग्लंडांतील डॉ. जॉन चार्नली ह्यांनीं बसविलेल्या कृत्रिम सांध्याच्या धर्तीवर आज नागपुरांतही शस्त्रक्रिया होतात. खर्चासाठीं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळेल काय, ह्याची चौकशी रुग्णालयांतील आरोग्यमित्राकडे करावी.

बैल लंगडूं लागला, तर शहाणा शेतकरी त्याच दिवशीं त्याच्या मानेवरचें जूं उतरवितो. तो न्याय त्यानें स्वतःस व आपल्या मजुरांसही लावावा. रोवणी पुढच्या वर्षीं पुन्हा येईल; खचलेलें हाड पुन्हा उगवत नाहीं.