विधिमंडळातील बॅरिस्टर

वकील आमदार झाला तर त्याचा कामगाराला उपयोग काय, असे आम्हांला सभांतून नेहमी विचारतात. त्याचे उत्तर १९३८ सालच्या मुंबई विधानसभेत सापडते.

बॅरिस्टर भीमराव आंबेडकर १९२७ पासून मुंबईच्या कायदेमंडळात सभासद होते. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते विधानसभेवर निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढल्या वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. तडजोडीचे सोपस्कार पुरे होण्याआधी केलेला संप त्यामुळे गुन्हा ठरणार होता. बाबासाहेबांचा मुद्दा कायद्याचाच होता: नोकरीचा करार मोडणे ही दिवाणी बाब आहे; तिला तुरुंग जोडला, तर माणसाला मनाविरुद्ध राबवणे, म्हणजेच गुलाम करणे होय. विधेयक बहुमताने मंजूर झाले. निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा पक्ष आणि लाल बावट्याच्या गिरणी कामगारांनी मिळून एक दिवसाचा संप केला.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने संपापूर्वी नोटिशीची अट सर्वच औद्योगिक आस्थापनांना घातली. ते कलम तुम्ही वाचले होते काय, हा प्रश्न कोपरीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारला पाहिजे.