टर्बो मापाचा हवा : जुन्या डिझेल जीपचे काम घेणाऱ्या मिस्त्रींसाठी

नाशिकमध्ये जुन्या डिझेल जीपचे काम अजून संपलेले नाही. द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका या पट्ट्यातील गॅरेजांत आजही एखादी एम.एम. 540, एखादी आर्मडा किंवा 2000 सालानंतरच्या पहिल्या खेपेची बोलेरो बॉनेट उघडून उभी दिसते. नव्या गाड्यांचे काम कंपनीच्या वर्कशॉपकडे आणि लॅपटॉपकडे गेले. हाताच्या हुन्नरावर पोट भरणाऱ्या आपल्या मिस्त्री बांधवांसाठी हीच जुनी इंजिने उरली आहेत. आणि या गाड्यांचे मालक, मग तो पेठ-सुरगाण्याकडचा शेतकरी असो की हौसेने फोर-व्हील जीप चिखलात घालणारा तरुण, अलीकडे एक मागणी घेऊन येतात : "उस्ताद, जरा मोठा टर्बो बसवून द्या."

काम चांगल्या मजुरीचे आहे, पण मिस्त्री बुडतो तोही याच कामात. आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका गॅरेजात बोलेरोच्या डी.आय. इंजिनाला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेला ट्रकचा टर्बो बसवला गेला. सोबत पंपाचे डिझेलही वाढवले. सपाट रस्त्यावर गाडी शिट्टी मारत पळाली आणि मालक खूश झाला. पंधरा दिवसांनी कसाऱ्याचा घाट चढताना खालच्या फेऱ्यांत गाडीत दम नाही, मागे काळा धूर, आणि घाट संपण्याआधी तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक. नवा पिस्टन, स्लीव्ह, हेडचे काम, सगळे मिस्त्रीच्या गळ्यात पडले. "तूच बसवलास" या एका वाक्यापुढे त्याचे काही चालले नाही.

चूक कुठे झाली? टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचे पेटंट घेतले. धूर जितका, तितकीच पंख्याला ताकद. म्हणून टर्बो इंजिनाच्या मापाचा लागतो, आणि हे माप कागदावर काढता येते.

बोलेरोचे डी.आय. इंजिन 2523 सीसीचे, म्हणजे सुमारे अडीच लिटरचे. 3200 फेऱ्यांवर दर मिनिटाला चारही सिलिंडर 1600 वेळा भरतात. अडीच लिटर गुणिले 1600 म्हणजे सुमारे 4000 लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, म्हणून शेकडा 85 धरा : साधारण 3400 लिटर हवा. टाटाच्या जुन्या ट्रकचे 697 इंजिन 5675 सीसीचे, दुपटीहून मोठे. त्या घराण्याचा टर्बो अडीच लिटरच्या इंजिनावर लावला की धूर त्याला फिरवायला पुरत नाही. 2000-2200 फेऱ्यांपर्यंत तो झोपलेलाच असतो, आणि घाटात तर काम 1500 ते 2000 च्या दरम्यान होते. हवा नाही, पण डिझेल वाढवलेले. काळा धूर आणि वितळलेला पिस्टन हा त्याचाच हिशेब.

उलट टोकही वाईट. फारच लहान टर्बो खाली लवकर जागा होतो, पण वर गेल्यावर धुराला वाट अडवतो, इंजिन गुदमरते आणि उष्णता वाढते. म्हणून धुराच्या बाजूच्या घरावर कोरलेला ए/आर आकडा पाहावा. आकडा लहान तर टर्बो लवकर उठतो, मोठा तर उशिरा. घाट आणि चिखलाच्या गाडीला लहानाकडे झुकलेला आकडा घ्यावा, आणि वरचा जादा दाब सोडून द्यायला वेस्टगेट असलेलाच टर्बो निवडावा. दुकानदार आकडा सांगू शकत नसेल तर माल परत ठेवावा. इंजिनाचा आकार आणि फेरे जुळणाऱ्या दुसऱ्या गाडीचा टर्बो शोधणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

आता दाबाचे. गिऱ्हाईक म्हणते, एक बार करा, सव्वा बार करा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, इथली हवा मुळातच पातळ. 35 अंशांच्या दुपारी 0.7 बार दाब दिला तर हवेचा दाब पावणेदोनपट होतो खरा, पण दाबल्यामुळे ती तापून 115 अंशांच्या आसपास जाते आणि तापलेली हवा फुगते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते ती शेकडा 38 च्या जवळपास. तीच हवा इंटरकूलरमधून 60 अंशांवर आणली तर हा आकडा 60 च्या पुढे जातो. दाब तोच, फायदा दीडपट. म्हणून आमचे मत असे की पहिला पैसा इंटरकूलरवर घालावा, मोठ्या टर्बोवर नंतर. सातपूरला डिझेलचे नोझल बनवणारा मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखाना असल्यामुळे पंप-नोझलचे जाणकार हात या शहरात अनेक आहेत. पंपाचे काम त्यांच्याकडेच करून घ्यावे. स्क्रू फिरवून अंदाजाने डिझेल वाढवू नये. धुराच्या तापमानाचा काटा टर्बोच्या आधी बसवावा. लांब चढावर तो 700 अंशांच्या वर राहत असेल तर डिझेल कमी करावे, मालक कितीही रागावला तरी.

ज्या इंजिनाला मुळातच टर्बो नव्हता त्याची गोष्ट वेगळी. महिंद्रने 1979 साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार करून आणलेले 2112 सीसीचे एक्स.डी.पी. 4.90 आणि नंतरचे 2498 सीसीचे एक्स.डी. 3 पी ही अशी इंजिने. त्यांत डिझेल आधी बाजूच्या कप्प्यात पेटते, त्यामुळे हेड जास्त तापते, आणि कॉम्प्रेशनही वीस-बावीसच्या घरात असते. टर्बो चालतच नाही असे नाही. प्यूजोने याच घराण्यातले टर्बो इंजिन 1979 मध्येच आपल्या 604 गाडीत दिले होते, पण ते कारखान्यातून तसे तयार करून दिलेले होते. आपल्याकडच्या वापरलेल्या इंजिनावर अर्ध्या बारच्या आत थांबावे. हेड गॅस्केट, रेडिएटर आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आधी तपासावे. ऑइल टाकायच्या तोंडातून धूर येत असेल तर टर्बोचे नावही काढू नये.

आणखी एक गोष्ट, जी घाईत नेहमी राहून जाते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल परत नेणारा पाइप जाड आणि सरळ खाली उतरणारा हवा. त्या जोडावर सिलिकॉनचा डिंक लावू नये, त्याचा तुकडा वाटेत अडकतो. जुना टर्बो घेताना दांडा हाताने हलवून पाहावा : पंखा घराला घासला की माल टाकाऊ. बाजारात नामांकित पेट्यांत नकली कोअर मिळतात, तेव्हा बिलाशिवाय खरेदी नको.

कायद्याचेही लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 182 अ कलमात परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. काम हाती घेण्याआधी आर.टी.ओ.त विचारावे आणि मालकाला हे तोंडी नव्हे, कागदावर सांगावे. त्याच कागदावर दाब किती ठेवला, डिझेल कोणी लावले आणि आधीचे कॉम्प्रेशन किती होते हेही लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कसाऱ्याच्या घाटातल्या त्या मिस्त्रीकडे एवढा कागद असता तर निम्मा खर्च तरी वाचला असता.

त्या बोलेरोला पुढे मूळ मापाचाच नवा टर्बो आणि एक इंटरकूलर बसला. गाडी आता घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढते. मालकाची एकच तक्रार आहे : शिट्टी पूर्वीसारखी ऐकू येत नाही.